महिपतीची चकाचक गाडी

एका गावात एक भोळा जावई राहत होता. आता जावई म्हटला की तो परगावचा असतो. स्वतःच्या गावात तो कुणाचा तरी पोरगाच असतो. पण याला सासऱ्यानं लग्नात मोटारसायकल दिली, आणि त्या दिवसापासून सगळं गाव याला जावईबापूच म्हणायला लागलं. नाव त्याचं महिपती.

महिपती अंगानं दांडगा. दुधानं भरलेला कॅन तो पाण्याच्या तांब्यासारखा उचलायचा. कामाला कधी नाही म्हणायचा नाही. जे सांगाल ते ऐकायचा. जसं सांगाल तसंच करायचा. त्रास काय तो तेवढाच होता.

कुणी काही शिकवलं की तो खांद्यावरच्या पंच्याला एक गाठ मारायचा. विसरू नये म्हणून. आणि खरोखरच तो काही विसरायचा नाही.

त्याचे सासरे हिंदुराव. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मिशीला पीळ. निवडणुकीला उभं राहायचं हे त्यांचं फार पूर्वीपासून ठरलं होतं. कुठल्या, तेवढं ठरायचं होतं. पोरीच्या लग्नात त्यांनी मांडवाच्या मधोमध मोटारसायकल उभी केली आणि नवरा-नवरीला कडेला बसवलं. पाहुणे गाडीवर अक्षता टाकून जेवायला जात होते. हुंडा देणं हा गुन्हा आहे हे हिंदुरावांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते त्याला हुंडा म्हणत नव्हते. आशीर्वाद म्हणत होते. टाकीवर पांढऱ्या अक्षरांत तसं रंगवूनही घेतलं होतं : ‘सासऱ्यांचा आशीर्वाद’.

पाठवणीच्या वेळी ते पोरीजवळ गेले, डोळे पुसले आणि जावयाला म्हणाले, “जावईबापू, जपा हं. एक ओरखडा येता कामा नये.”

पोरगी, म्हणजे रंजना, मान खाली घालून उभी होती. तिला वाटलं, आबा आपल्याबद्दलच बोलतायत. मग आबा पुढं म्हणाले, “आणि टाकीवर पावसाचं पाणी साचू देऊ नका.”

तेव्हापासून रोज सकाळी हिंदुरावांचा फोन यायचा.

“गाडी पुसली का?”

“पुसली, मामा.”

“चेन बघितली का?”

“बघितली, मामा.”

“बरं.” आणि फोन बंद.

रंजना शेजारी उभी असायची. तिच्या हातात फोन कधी यायचाच नाही.

महिपतीचं सगळं त्या गाडीवर चाललं होतं. घरच्या म्हशींचं आणि वाडीवरच्या लोकांचं दूध तो गाडीवरून डेअरीला न्यायचा. गाडी नव्हती तेव्हा सायकलवर न्यायचा, आणि उन्हाळ्यात पोहोचेपर्यंत निम्मं दूध नासून जायचं. आता नासत नव्हतं. डेअरीचा रस्ता मात्र पाइप टाकायला म्हणून उकरला होता आणि पाइप अजून यायचे होते. त्यामुळं गाडी जाताना लाल असायची आणि येताना चिखलाच्या रंगाची.

एका सकाळी तो असाच चिखलानं माखून परत आला. रंजना म्हणाली, “अहो, काय हे! बाहेरून आलं की आधी आंघोळ करावी. आणि ही गाडी! हिलाही घाला की आंघोळ.”

“आधी?”

“आल्या आल्या. कळलं का?”

“कळलं.” महिपतीनं पंच्याला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी तो डेअरीहून आला, गाडी न्हाणीपुढं उभी केली आणि तापलेल्या इंजिनावर गार पाण्याची बादली ओतली. चर्रर्र आवाज झाला आणि वाफेचा लोट उठला. महिपती म्हणाला, “झोंबलं वाटतं,” आणि त्यानं दुसरी बादली सावकाश ओतली. मग अंगाचा साबण लावला. मग पायाच्या टाचा घासायची वजरी घेतली आणि टाकी घासली. कुणालाही घालावी तशी व्यवस्थित आंघोळ घातली. कानात पाणी जातं तसं सायलेन्सरमध्येही गेलं.

आंघोळ झाली तेव्हा टाकीवरची बरीचशी अक्षरं वजरीबरोबर निघून गेली होती. ‘सासऱ्यांचा आ’ एवढंच उरलं होतं. आणि गाडी काही केल्या चालू होईना.

गावात रझाक मिस्त्रीचं गॅरेज होतं. महिपतीनं गाडी तिथवर ढकलत नेली. मिस्त्रीनं गाडी बघितली. मग महिपतीला बघितलं.

“वजरी?” मिस्त्री म्हणाला.

“नवी होती,” महिपती म्हणाला.

मिस्त्रीनं कपाळ पुसलं. “महिपतीभाऊ, नीट ऐका. तापलेली असताना पाणी घालायचं नाही. कधीच नाही. आधी सावलीत उभी करायची. हात लावून बघायचा. गार झाली की मग पाणी. आणि घासायचं नाही. मऊ फडक्यानं हळूहळू पुसायचं. कळलं का?”

“कळलं.” गाठ.

दोन-चार दिवस बरे गेले. दसरा तोंडावर आला होता आणि ऊन असं पडत होतं की कोंबड्यासुद्धा गोठ्याबाहेर येत नव्हत्या. अशा भर दुपारी हिंदुराव न कळवता आले. त्यांची जीप पंक्चर झाली होती म्हणून एसटीनं आले आणि फाट्यापासून चालत आले. तोंड लालबुंद. सदरा पाठीला चिकटलेला. रंजना शेतात गेली होती. घरी महिपती एकटा.

“पाणी आणा, जावईबापू,” हिंदुराव अंगणातूनच म्हणाले. “फार तापलोय.”

महिपती पाणी आणायला वळला होता, तो थांबला. “तापलाय?”

“भाजून निघालोय अक्षरशः!”

“मग पाणी नाही,” महिपती म्हणाला. “तापलेलं असताना पाणी घालायचं नाही. कधीच नाही.” त्यानं सासऱ्यांना दंडाला धरलं, कडुनिंबाच्या सावलीत नेऊन उभं केलं. डोक्यावरची टोपी काढली. टकलाला हात लावून बघितला.

“अजून गरम आहे,” तो म्हणाला.

“अहो, पाणी!”

“गार झालात की देतो. बसू नका मामा, उभं करायचं सांगितलंय.” आणि त्यानं गाडीचं मऊ फडकं आणून सासऱ्यांचं तोंड हळूहळू पुसायला घेतलं. फडक्याला चेनचं काळं होतं. हिंदुरावांच्या पांढऱ्या मिश्या बऱ्याच वर्षांनी पुन्हा काळ्या झाल्या.

रंजना आली तेव्हा आबा झाडाला टेकून डोळे पांढरे करत होते आणि नवरा त्यांच्या टकलावर हात ठेवून उभा होता. तिनं धावत पाणी आणलं, गूळ आणला, आबांना खाटेवर बसवलं. मग नवऱ्याला बाजूला घेतलं.

“अहो, दारात कुणी दमून आलं की आधी गूळ-पाणी द्यावं! मग वाटेत काही त्रास झाला नाही ना, अशी विचारपूस करावी. एवढी साधी गोष्ट! कळलं का?”

“कळलं.” गाठ.

हिंदुरावांना पाण्यानं हुशारी आली. हुशारी आली तसे ते उठले आणि थेट गाडीजवळ गेले. टाकीवर नजर पडली. ‘सासऱ्यांचा आ’ त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग नुसता शेवटचा ‘आ’ तोंडात राहिला.

“जावईबापू,” ते म्हणाले, “दसऱ्याला मी माणसं घेऊन येणार आहे. फोटोवाला आणणार आहे. ‘शब्द दिला, गाडी दिली’ असा फ्लेक्स करायचाय मला. त्या दिवशी या गाडीवर धुळीचा एक कण जरी दिसला, तरी मी गाडी परत घेऊन जाईन. मग बसा सायकल मारत.”

रंजनानं विचारलं, “आणि मला?”

“तुला काय?”

“मलाही घेऊन जाल का?”

“तुला कशाला?” हिंदुराव म्हणाले. “तू नांद की इथं सुखानं.”

ते गेले. रंजना आबांचा रिकामा तांब्या उचलून आत गेली. महिपतीला मात्र रात्री जेवण गेलं नाही. गाडी गेली तर दूध नासणार, दूध नासलं तर वाडीवरचे लोक दुसरीकडं देणार, हे त्यालाही कळत होतं. तो म्हणाला, “रंजना, तू काळजी करू नकोस. मी आता सगळं सांगितल्याबरहुकूम करतो.”

रंजनाला काळजी वाटायला लागली ती तेव्हापासून.

दुसऱ्या सकाळी गाडी डेअरीहून दमून आली. दारात उभी राहिली. महिपतीनं घरातून गुळाचा मोठा खडा आणि पाण्याचा तांब्या आणला. गाडीला तोंड कुठं असतं याचा त्यानं विचार केला. खाणं जिथून जातं ते तोंड. त्यानं टाकीचं झाकण उघडलं, गूळ कुस्करून आत घातला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं.

“वाटेत काही त्रास झाला नाही ना?” त्यानं विचारलं.

गाडी काही बोलली नाही. ती त्यानंतर काहीच बोलली नाही. दुपारपर्यंत मुंग्यांची रांग न्हाणीपासून टाकीपर्यंत लागली, आणि महिपती गाडी ढकलत पुन्हा मिस्त्रीकडं गेला. मुंग्याही गेल्या.

रझाक मिस्त्रीनं टाकी उतरवली, उलटी केली. आतून काकवीसारखं काहीतरी आलं. मिस्त्रीनं ते बोटावर घेऊन बघितलं आणि तो स्टुलावर खाली बसला. थोड्या वेळानं म्हणाला, “टाकीत फक्त पेट्रोल. बाकी काही नाही. तुम्हांला गाडीला प्रेमानं काही द्यायचंच असेल ना महिपतीभाऊ, तर तेल द्या. धुतली, पुसली, वाळली, की जिथं कुरकुर ऐकू येईल तिथं तेल सोडायचं. कुरकुर थांबते. हे घ्या वापरलेलं तेल, डबाभर नेऊन ठेवा. कळलं का?”

“जिथं कुरकुर, तिथं तेल.”

“शाब्बास.”

गाठ.

आणि या वेळी महिपतीनं खरंच सगळं नीट केलं. गाडी गार झाल्यावर धुतली, मऊ फडक्यानं पुसली, उन्हात वाळवली. चेन कुरकुरत होती, तिला तेल दिलं. स्टँड कुरकुरत होता, त्याला दिलं. दोन्हींची कुरकुर थांबली. महिपती इतका खूश झाला की तो डबा घेऊन सगळीकडं कान लावत फिरायला लागला. दाराच्या बिजागरीला दिलं. गोठ्याच्या फाटकाला दिलं.

सणासाठी म्हणून गोदाआत्या आली होती. महिपतीच्या वडलांची मोठी बहीण. ती ओसरीवर बसून सकाळपासून बोलत होती. चहात साखर कमी. हल्लीच्या सुना उशिरा उठतात. आमच्या वेळी असं नव्हतं. पाठ दुखते. पंख्याला वारा नाही. पलीकडच्या घरची सखूबाई दारात येऊन म्हणाली, “काय गं बाई या आत्याची कुरकुर! सकाळपासून ऐकू येतीय.”

महिपतीनंही कान लावला. ऐकू येत होती.

त्यानं डबा उचलला आणि गोदाआत्याच्या डोक्यावर तेल सोडलं. बेतानं. सगळीकडं पोहोचेल असं.

कुरकुर थांबली. एकदम थांबली. मिस्त्री खोटं बोलला नव्हता.

मग गोदाआत्यानं श्वास घेतला, आणि जे सुरू झालं त्याला कुरकुर म्हणता येणार नाही. ते चावडीपर्यंत ऐकू गेलं. “मुडद्या, दसऱ्याचं नवं लुगडं रे माझं! इरकल! काळं केलंस रे!”

रंजनानं आत्याला शिकेकाईनं न्हाऊ घातलं. लुगडं दोनदा भिजवलं, तरी ते राखाडीच राहिलं. गोदाआत्या फणफणत म्हणाली, “मीच मूर्ख, चांगली वस्तू अशी उघड्यावर मिरवली. चांगलं असेल ते झाकून ठेवावं बाई या घरात!”

रंजनानं तेवढंच उचललं. तिला नाहीतरी गाडीची काळजी होती. तिनं जुन्या गोधड्या उसवून गाडीला एक मोठी खोळ शिवली आणि नवऱ्याच्या हातात दिली. “आत्या म्हणतात ते बरोबर आहे. गाडी झाकून ठेवत चला. म्हणजे धूळ बसायची नाही. कळलं का?”

“कळलं.” गाठ. पंचा आता एवढा गाठाळला होता की त्यानं अंग पुसता येत नव्हतं.

महिपतीनं विचार केला. तो विचार करायचा नाही असं नाही. गाडी गोठ्यात उभी असते तेव्हा तिच्यावर धूळ उडत नाही. धूळ उडते ती रस्त्यावर. मग झाकायची कधी? सरळच होतं.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी गावातून एक गोधडी भरधाव निघाली. मागं दुधाचे कॅन लोंबकळत होते. खाली चाकं दिसत होती. माणूस दिसत नव्हता. देवळापुढच्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. कुत्री आधी धावली आणि मग विचार बदलून परत फिरली. गोधडीच्या आतून मात्र शांत आवाज येत होता, “सरका, सरका, दूध आहे.”

चावडीजवळ रस्ता वळतो. गोधडी वळली नाही. ती सरळ गेली आणि पाटलांच्या उकिरड्यात शिरली.

माणसं धावली. त्यांनी महिपतीला ओढून काढलं. महिपतीनं तोंडातलं शेण थुंकलं आणि आधी खोळ उचलून गाडी बघितली. गाडी लालचुटूक होती. एक शिंतोडा नव्हता.

“बघा,” तो म्हणाला. “झाकली म्हणून वाचली.”

दूध सगळं सांडलं होतं. वाडीवरचे लोक संध्याकाळी दारात येऊन बोलून गेले, की एवढं एकदा सोडतो, पुन्हा असं झालं तर दूध दुसऱ्याला घालू. रंजना त्यांच्यापुढं हात जोडून उभी राहिली. महिपतीनंही जोडले. ते गेल्यावर ती रिकामे कॅन एकटीच घासत बसली, आणि महिपतीला तेच जास्त लागलं.

दसऱ्याच्या दिवशी उजाडताच रंजनानं ठरवलं की आता आपणच करायचं. तिनं ओल्या फडक्यानं गाडी पुसली. दात घासायच्या जुन्या ब्रशनं चाकांच्या तारा घासल्या. मडगार्डच्या आतला वाळलेला चिखल काडीनं खरवडून काढला. कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसली, चेनला थेंब थेंब तेल दिलं. गाडी अशी चमकायला लागली की तिच्यात आभाळ दिसत होतं. मग तिनं नवऱ्याला बोलावलं.

“मला आत पुरण वाटायचंय. आबा दुपारी येतील. तुम्ही आता धुऊ नका, घासू नका, तेल नको, खोळ नको. काही काही करू नका. एकच बघा. धुळीला बसायला जागाच ठेवू नका. कळलं का?”

“धुळीला बसायला जागाच ठेवायची नाही.”

“हां. तेवढंच.” आणि ती आत गेली.

महिपती गाडीपाशी बसला. समोरून ट्रॅक्टर गेला. टाकीवर धूळ बसली. त्यानं पुसली. शेरडं गेली. धूळ बसली. पुसली. त्याच्या ध्यानात आलं की धुळीला इथं बसायला जागा आहे. त्यानं गाडी ओसरीवर चढवली. तिथं गोदाआत्या सूप घेऊन तांदूळ पाखडत होती, कोंडा बसला. त्यानं गाडी माजघरात नेली. तिथं रंजनानं पीठ चाळून ठेवलं होतं, पीठ बसलं. त्यानं गाडी देवळात नेली. तिथं लोक भंडारा उधळत होते. टाकी पिवळी झाली आणि पुजाऱ्यानं गाडी खाली उतरवायला लावली.

महिपती गाडी ढकलत फिरत राहिला. ऊन वर चढत होतं. सासरे येणार होते. घामाबरोबर त्याला रडूही यायला लागलं होतं. पृथ्वीवर धुळीनं आपल्यासाठी जागा राखूनच ठेवलेली होती.

असा तो शेतातल्या विहिरीपाशी आला. जुनी मोटेची विहीर. गाळ साचून उथळ झालेली, पाणी छातीभर. प्यायला नाही, म्हशींसाठी काढायचं तेवढंच. महिपतीनं तोंड धुवायला म्हणून आत वाकून बघितलं. वाऱ्यानं धुळीची एक चिमूट उडाली, पाण्यावर पडली, आणि बघता बघता बुडाली. दुसरी पडली. तीही बुडाली. तिला बसायला जागाच मिळाली नाही.

महिपतीचा चेहरा उजळला.

त्यानं घाई केली नाही. आधी गाडीला हात लावून बघितला, गार होती. मोटेचा जुना नाडा, म्हणजे जाड दोर, अजून विहिरीवरच्या चाकाला होता. त्यानं त्याचं एक टोक गाडीला बांधलं, दुसरं तिथंच चरणाऱ्या घरच्या म्हशीला. मग म्हशीला चुचकारत, मोटेचे बैल चालायचे त्या धावेवरून हळूहळू विहिरीकडं आणलं, आणि गाडी तशीच हळूहळू खाली गेली. एक ओरखडा येऊ दिला नाही. गाडी तळाच्या गाळात ऐटीत उभी राहिली. पाण्यावर नुसते आरसे दिसत होते. महिपतीनं नाड्याला धरून आत उतरून तो सोडवून घेतला, वर येऊन म्हैस बांधली आणि घरी येऊन स्वच्छ कपडे घातले.

हिंदुराव आले ते जीपभर माणसं घेऊन. सगळे पांढऱ्या कपड्यांत. फोटोवाला, झेंडूचा मोठा हार, हळद-कुंकवाचं ताट. हिंदुरावांना त्या दिवशी फेटा बांधला होता.

“गाडी कुठंय?”

“आहे, मामा,” महिपती हसून म्हणाला.

“धूळ?”

“एक कण नाही. शोधून दाखवा.”

हिंदुरावांनी माणसांकडं अभिमानानं बघितलं. “बघितलं? जावई निवडताना मी चुकत नाही. चला, दाखवा.”

महिपती पुढं, मागं हिंदुराव, मागं सगळी माणसं. रंजना पुरणाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. वरात शेताकडं वळलेली बघून तीही मागून पळत निघाली.

विहिरीपाशी महिपती थांबला. “या,” तो म्हणाला.

हिंदुरावांनी वाकून बघितलं. पाण्यावर दोन आरसे होते आणि भोवती तेलाचा सात रंगांचा तवंग.

“ती… ती काय आहे?”

“गाडी.”

“विहिरीत?”

“धुळीला बसायला जागा नाही तिथं,” महिपती म्हणाला. “मी सगळीकडं फिरून बघितलं, मामा.”

हिंदुराव मटकन खाली बसले. त्यांनी फेट्यावर हात मारून घेतले आणि मोठ्यानं गळा काढला, “अरे माझी सोन्यासारखी गाडी रे! मांडवात कशी नटून उभी होती रे!” एवढं ते पोरीच्या पाठवणीतही रडले नव्हते. रंजना कडेला उभी राहून ते सगळं ऐकत होती. तिनं पुरणाचे हात पदराला पुसले.

हिंदुराव उठले आणि जावयाची गचांडी धरली. “मग मला तरी वर कशाला ठेवलंस? आता मलाही ढकल! ढकल आत! बघतोस काय?”

“आत्ता?” महिपतीनं विचारलं.

“आत्ता! लगेच!”

महिपतीनं ढकललं.

फेटा वरच तरंगला. हिंदुराव खाली गेले आणि फुरफुरत वर आले. पाणी छातीपर्यंत होतं. धरायला काही हवं म्हणून त्यांनी हात मारले, आणि हाताला गाडीचं हँडल लागलं. ते गाडीला टेकून उभे राहिले. फोटोवाल्यानं सवयीनं बटण दाबलं.

“अहो, दोर!” रंजना ओरडली. तिनं स्वतःच नाडा खाली सोडला. “आबा, कमरेला बांधा!” बरोबरच्या पांढऱ्या कपड्यांच्या मंडळींनी काठावरचा चिखल बघितला आणि सगळे दोन पावलं मागं सरले. एकानं मोबाइल काढला आणि ज्याला मदतीला बोलवावं असा माणूस त्यात शोधायला लागला. रंजनानं नाड्याचं वरचं टोक नवऱ्याच्या हातात दिलं.

“मी वाडीवरची माणसं घेऊन येते. तोवर ओढत राहा. आणि हे बघा, आता तुमचं डोकं चालवू नका. आबा म्हणतील तसंच करा. अगदी तसंच. कळलं का?”

“कळलं.”

ती पळाली. गाडी नंतर वाडीवरच्या माणसांनी बैल लावून वर काढली. रझाक मिस्त्रीनं ती सगळी खोलून वाळवली आणि ती आजही दूध वाहते. हिंदुरावांनी ती परत मागितली नाही. विहिरीतल्या फोटोसह त्यांचा फ्लेक्स कुणीतरी फाट्यावर लावला, तेव्हापासून त्यांना त्या फाट्यावर उतरायची सोय राहिली नाही. पण हे सगळं पुढचं. त्या घटकेला महिपती पाय रोवून नाडा ओढत होता, आणि हिंदुराव गोल गोल फिरत वर येत होते.

दांडगा गडी तो. दोन-चार हिसक्यांत त्यानं सासऱ्यांना निम्म्या विहिरीपर्यंत आणलं. आणखी दोन हिसके, की ते काठावर. तेवढ्यात हिंदुरावांनी खाली बघितलं. गाडी गाळात एका अंगाला कलत होती. एक आरसा पाण्याखाली गेला. आता दुसराही चालला होता.

“अरे, अरे! गाडी चालली!” हिंदुराव लटकता लटकता ओरडले. “जावईबापू, माझं सोडा! आधी गाडीचं बघा!”

महिपती थांबला. त्यानं खात्री करून घेतली.

“सोडू?”

“सोड म्हणतो ना!”

महिपतीनं सोडलं.